सापाची भातखाचरं आणि ह्मोंग पाडे: दिवसभराच्या पायी वाटेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनामच्या डोंगरात मी पहिल्यांदा गेले ती ट्रेकसाठी. नंतर पुन्हा पुन्हा गेले ती तिथल्या माणसांसाठी. परत आल्यावर मैत्रिणी, त्यांच्या नणंदा, ट्रेक ग्रुपमधली मुलं असे सगळे प्रश्न पाठवत राहतात आणि बहुतेक प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. जिथे दोन उत्तरं एकमेकांत शिरतात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सापा नेमकं कुठे आहे? आणि या ट्रेकमध्ये बघायचं काय असतं?

सापा हे व्हिएतनामच्या वायव्येला, लाओ काय प्रांतात, चीनच्या सीमेजवळचं थंड हवेचं गाव आहे. उंची १,५०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडी जास्त. फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवापालटासाठी ते वसवलं. गावाच्या एका अंगाला होआंग लिएन सॉन डोंगररांग आहे. तिच्यातलं फान्सिपान हे शिखर २०१९ च्या मोजणीनुसार ३,१४७ मीटर उंच आहे (जुन्या पुस्तकांत ३,१४३ दिसेल). दुसऱ्या अंगाला मुओंग होआ ही दरी खोल उतरत जाते.

ट्रेक या दरीतला आहे. गावातून निघायचं, भाताच्या खाचरांमधून खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा, ह्मोंग आणि इतर जमातींच्या पाड्यांतून जायचं, कुणाच्या तरी घरी जेवायचं आणि संध्याकाळी गाडीने परत वर यायचं. वाटेत गड, शिखर किंवा सुळका लागत नाही. डोंगराच्या पायापासून जंगलाच्या काठापर्यंत माणसांनी पिढ्यानपिढ्या हाताने रचलेले बांध आणि त्या बांधांवर आजही राबणारी घरं बघायची असतात.

२. मुंबई-पुण्याहून तिथे पोचायचं कसं?

मुंबईहून हनोईला थेट विमान आहे. हनोई ते सापा हे अंतर ३२० किलोमीटरच्या आसपास. २०१४ साली लाओ कायपर्यंतचा द्रुतगती मार्ग सुरू झाला, तेव्हापासून बसने साधारण सहा तास लागतात. झोपायच्या बसमध्ये चढताना बूट काढून पिशवीत घालावे लागतात, त्यामुळे चढाउतरायला सोपं पादत्राण घाला.

दुसरा मार्ग रात्रीच्या रेल्वेचा. हनोईहून लाओ काय स्टेशनला आठेक तासांत पोचते, पुढे सापापर्यंत सुमारे ३५ किलोमीटरचा घाट छोट्या गाडीने चढायचा. मला रेल्वे आवडते, कारण पहाटे उतरल्यावर घाटातच पहिली खाचरं दिसायला लागतात. घाट लागत असेल तर गोळी आधीच घ्या.

३. व्हिसा लागतो का?

हो. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा काढावा लागतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदा प्रवेशाचं शुल्क २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचं ५० डॉलर. अर्ज फक्त व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर करा. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, अक्षर न अक्षर भरा. मधलं नाव गाळल्यामुळे विमानतळावर अडकलेली दोन माणसं मी पाहिली आहेत.

४. एका दिवसासाठी कोणती वाट घ्यावी?

सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे सापा, ई लिन हो, लाओ चाय, ता वान. साधारण १० ते १२ किलोमीटर, जेवण धरून पाच-सहा तास. ई लिन हो आणि लाओ चाय हे काळ्या ह्मोंगांचे पाडे आहेत आणि ता वान मुख्यतः झाय लोकांचं. लाओ चाय आणि ता वानमध्ये तासा-दीड तासाचं अंतर, पण घरांची बांधणी, पोशाख आणि भाषा तिन्ही बदलतात (या जमातींबद्दल प्रश्न १२ पाहा).

अजून दम असेल तर ता वानच्या पुढे ओढा ओलांडून झांग ता चाय या लाल दाओंच्या पाड्यापर्यंत जाता येतं. तिथली वाट बांबूच्या बनातून जाते आणि पावसात फार निसरडी होते.

कात कात हा पाडा सापापासून दोन-तीन किलोमीटरवर आहे. वाट पायऱ्यांची, फरसबंद, दोन्हीकडे दुकानं, भाड्याने मिळणारे रंगीत पोशाख. ज्यांना जास्त चालणं झेपत नाही त्यांनी जरूर जावं, धबधबा सुंदर आहे. मात्र तेवढ्यावरून ह्मोंग गाव पाहिलं असं समजू नका. कात कातला आणि लाओ चाय–ता वान भागात शिरताना प्रवेश तिकीट लागतं. वाटाड्याच्या पैशांत ते धरलेलं आहे का, हे आधी विचारा.

५. कधी जावं? हिरवी खाचरं कधी आणि सोनेरी कधी?

इथे वर्षाला भाताचं एकच पीक येतं. खालच्या सपाटीवर दोन-तीन पिकं निघतात, पण या उंचीवरची थंडी दुसरं पीक येऊ देत नाही. त्यामुळे महिना चुकला तर वर्षभर थांबावं लागतं.

एप्रिल-मेपासून खाचरांत पाणी सोडतात. मे-जूनमध्ये चिखलणी आणि लावणी. माझा सगळ्यात आवडता काळ हाच. भात अजून दिसत नाही, नुसतं पाणी असतं. प्रत्येक खाचरात आभाळाचा वेगळा तुकडा पडलेला असतो आणि वाकलेल्या बायकांच्या रांगा एका लयीत मागे सरकत असतात. मावळात किंवा भोरकडे आषाढात आवण बघितलेल्या माणसाला इथे परकं वाटणारच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं हिरवंगार, पण पाऊसही तेव्हाच भरपूर. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत या दरीत भात पिकून पिवळं होतं आणि कापणी सुरू होते. मोठ्या लाकडी खोक्याच्या कडेवर पेंढ्या आपटून झोडणी चालते, तिचा धप्प-धप्प आवाज समोरच्या डोंगरावरून ऐकू येतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ, चालायला उत्तम, पण खाचरांत धसकटं उरलेली असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी कडाक्याची थंडी आणि धुकं. पारा कधीकधी शून्याजवळ जातो, क्वचित बर्फही पडतो. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत व्हिएतनामी नववर्ष, म्हणजे तेत, येतं. त्या आठवड्यात गाड्या भरलेल्या आणि बरीच दुकानं बंद असतात.

६. मी ५८ वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात. जमेल का?

राजगड-तोरण्यासारखी वाटचाल करत असाल तर हे सोपं आहे. रोज तासभर चालायची सवय असेल तरी जमेल. दम लागण्यापेक्षा उतार त्रास देतो. सापापासून ओढ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उतरावं लागतं आणि तो भार सगळा गुडघ्यांवर येतो. गुडघ्याला पट्टा बांधा आणि हातात काठी ठेवा.

उतार टाळायचा असेल तर वाटाड्याला सांगून गाडीने दरीतल्या रस्त्यावर उतरा आणि तिथून लाओ चाय ते ता वान एवढंच, बहुतेक सपाटीचं, चाला. माझ्या आईने सत्तरीत तेवढंच केलं आणि दुपारभर एका ओसरीवर बसून मक्याचे दाणे सोलले. परतीला सगळेच गाडीने येतात, वर चढायचं नसतं.

७. बूट कोणते? आपले सह्याद्रीतले चालतील का?

सह्याद्रीत आपण कातळावर चालतो. तिथे लाल चिकणमाती आहे. ती ओली झाली की बुटाच्या खाचा बुजतात आणि तळवा गुळगुळीत होतो. खोल खाचांचे बूट हवेत, गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट शूज नकोत. पाऊस पडून गेला असेल तर सापात गमबूट भाड्याने मिळतात, निःसंकोच घ्या. मोजे दोन जोड ठेवा. बांबूची काठी कुणीही देतं.

तुमची वाटाडी साध्या प्लास्टिकच्या चपला घालून, पाठीवर टोपली घेऊन, तुमच्या पुढे सरसर जाईल. ते बघून आपणही चपलांवर जाऊ असं ठरवू नका. तिची पावलं त्या वाटेवरच वाढली आहेत.

८. नकाशा मोबाइलमध्ये आहे. मग वाटाड्या कशाला?

कात कातला नकाशा पुरतो. दरीत पुरत नाही, कारण बांधांवरच्या पायवाटा दर हंगामात बदलतात आणि कुणाच्या परसातून जाणारी वाट सार्वजनिक आहे की खासगी, हे नकाशा सांगत नाही.

खरं कारण वेगळं आहे. या दरीत वाटाड्या म्हणून काम करणाऱ्या बहुतेक जणी ह्मोंग बायका आहेत. अनेक जणी इंग्रजी शाळेत शिकलेल्या नाहीत. टोपली पाठीवर टाकून प्रवाशांच्या मागे चालता चालता ऐकून शिकल्या आणि आता त्यावर घर चालवतात. तुम्ही दिलेले पैसे थेट पाड्यात जावेत असं वाटत असेल तर मोठ्या शहरातल्या कंपनीकडून हनोईतच सगळं बांधून घेण्यापेक्षा सापात पोचून स्थानिक बाईला किंवा ह्मोंग बायकांनी चालवलेल्या गटाला काम द्या. दर आदल्या संध्याकाळी ठरवा. जेवण, तिकीट आणि परतीची गाडी त्यात धरली आहे का, हेही तेव्हाच स्पष्ट करा.

९. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण आधी बोलून ठेवावं लागेल. भात भरपूर असतो. सोबत टोफू, कोबी, बांबूचे कोंब, चालत असतील तर अंडी, आणि सापाची खास भाजी म्हणजे चायोटच्या वेलीचे कोवळे शेंडे, लसणीवर परतलेले. तिथे तिला सू सू म्हणतात. आपल्या भोपळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी खाल्ली असेल तर चव ओळखीची वाटेल.

अडचण दोन ठिकाणी येते. भाजी बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात आणि चवीला माशाचं पाणी, म्हणजे न्युऑक माम, घालतात. त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. "तोय आन चाय" म्हणजे मी शाकाहारी आहे. "खोंग न्युऑक माम" म्हणजे माशाचं पाणी नको. ही दोन्ही वाक्यं आणि चरबी नको, तेल चालेल, हे तिसरं वाक्य व्हिएतनामीत फोनवर लिहून ठेवा. स्वयंपाक सुरू होण्याआधी वाटाडीकडून घरच्या बाईला सांगून घ्या. वाटाडीला हे आदल्या दिवशी कळलं तर ती सकाळी बाजारातून तेलाची बाटलीच घेऊन निघते.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वतःचं खाणं सोबत न्यावं. मी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेहमी नेते. एकदा लाओ चायमधल्या यजमानीणबाईंनी माझी चटणी चाखली, आत गेल्या आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचं मीठ घातलेलं कूट वाटीत घेऊन आल्या. भातावर ते तसंच भुरभुरून खातात. त्या दिवशी आम्ही वाट्या बदलून जेवलो.

बाजारात थांग को नावाचं कढईतलं कालवण दिसेल. ते घोड्याच्या मांसाचं असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं.

१०. गावातून निघाल्यापासून तीन-चार बायका आमच्यासोबत चालत राहिल्या. त्या कोण? काय करायचं?

हा मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या दरीतल्याच ह्मोंग बायका असतात. पाठीवर टोपली, कधी झोळीत बाळ. त्या गप्पा मारतात, तुमची मुलं किती ते विचारतात, घसरड्या जागी हात देतात, गवताचा घोडा विणून लेकराच्या हातात ठेवतात. तीन तासांनी जेवणाच्या ठिकाणी टोपलीतून पिशव्या, पाकिटं, कडी, ओढण्या बाहेर येतात आणि "आता माझ्याकडून घे" असं म्हणतात. तेव्हा बऱ्याच जणांना फसवल्यासारखं वाटतं.

मला तसं वाटत नाही. त्या पहाटे घरून चढून वर येतात आणि तुमच्याबरोबर परत उतरतात. हात देतात तो खरा असतो. त्यांच्याकडे दुकान नाही, वाट हेच दुकान. शेतात एकच पीक (प्रश्न ५ पाहा), ते घरच्या पोटाला लागतं. मीठ, औषध, शाळेचा खर्च यासाठी रोकड इथूनच येते.

घ्यायचं नसेल तर निघतानाच, हसून पण स्पष्ट सांगा: आज मी काही घेणार नाही. मग ती दुसऱ्या गटाकडे जाऊ शकते. "बघू", "नंतर", "कदाचित" हे शब्द वापरू नका. आपण नकार टाळायला "बघू" म्हणतो, तिथे तो होकार धरला जातो आणि तिचा अख्खा दिवस त्यात जातो. कुणाचा हात धरून ओढा ओलांडला असेल तर तिच्याकडून एक लहानशी वस्तू घ्या. थोडी घासाघीस चालते, पण शंभर रुपयांच्या पाकिटावर दहा रुपयांसाठी अर्धा तास घालवू नका.

११. लहान मुलं वस्तू विकतात, पैसे मागतात. द्यावेत का?

नको. या एका बाबतीत मन घट्ट करा. मुलाच्या हातून वस्तू लवकर खपते हे घरात कळलं की शाळा सुटते. सापातले फलकही मुलांकडून खरेदी करू नका असंच सांगतात. चॉकलेटं वाटू नका, कारण वाटेत दात दाखवायला डॉक्टर नाही. काही द्यायचंच असेल तर वह्या-पेन्सिली वाटाडीला विचारून शाळेतल्या शिक्षकांकडे द्या. मोठ्या बाईकडून घेणं वेगळं, ते प्रश्न १० मध्ये आलं आहे.

१२. ह्मोंग, दाओ, झाय यांत फरक कसा ओळखायचा?

सापाच्या काळ्या ह्मोंग बायका निळीत इतक्यांदा बुडवलेलं कापड घालतात की ते काळंच दिसतं. गुडघ्यापर्यंतची विजार, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, कमरेला भरतकामाचा पट्टा. लाल दाओ बायकांच्या डोक्यावर मोठं लाल फडकं असतं आणि अनेक जणी भुवया काढून टाकतात. नकाशावर "दाओ" लिहितात, उच्चार मात्र "झाओ" असा आहे. झाय बायकांचा पोशाख साधा, उजळ एकरंगी पोलका आणि काळी विजार.

‘बाक हा’ नावाच्या गावच्या रविवारच्या बाजारात ‘फ्लॉवर ह्मोंग’ या गटाच्या बायका दिसतात, नखशिखांत रंगीबेरंगी. ते सापापासून शंभरेक किलोमीटर आहे, त्यासाठी वेगळा दिवस काढा.

व्हिएतनाममध्ये सरकारी यादीप्रमाणे ५४ जमाती आहेत. २०१९ च्या जनगणनेत ह्मोंग १३ लाख ९० हजारांच्या वर होते. जुन्या पुस्तकांतला "मेओ" हा शब्द त्यांना अपमानाचा वाटतो. तो वापरू नका.

१३. मी अमेरिकेत मिनेसोटात राहते. आमच्या शेजारी ह्मोंग कुटुंब आहे. ते इथलेच का?

बहुधा नाही. अमेरिकेतले बहुतेक ह्मोंग लाओसमधून गेले. तिथल्या युद्धात त्यांच्यातले अनेक जण अमेरिकेच्या बाजूने लढले आणि १९७५ नंतर त्यांना देश सोडावा लागला. सेंट पॉलमध्ये आज त्यांची मोठी वस्ती आहे. मूळ मात्र एकच. दक्षिण चीनच्या डोंगरांतून ह्मोंग गट वेगवेगळ्या काळात खाली सरकत आले, काही व्हिएतनाममध्ये थांबले, काही लाओस आणि थायलंडकडे गेले. बोली वेगळ्या आहेत, पण कुळांची नावं जुळतात. शेजाऱ्यांना सापाचे फोटो दाखवा, कापडावरून बोलणं सुरू होईल.

१४. घरात बोलावलं तर कसं वागावं?

जमीन मातीची असते, बरीच घरं लाकडी, आत अंधूक. दारासमोरच्या भिंतीवर पूर्वजांची आणि घराच्या देवतेची जागा असते. कधी नुसता कागद आणि पिसं चिकटवलेली दिसतात. तिला हात लावू नका, तिच्यासमोर पाय पसरून बसू नका. चुलीच्या वर मक्याची कणसं टांगलेली असतात, माळ्यावर धान्य.

दारावर हिरवी डहाळी अडकवलेली दिसली तर आत जाऊ नका. घरात आजारपण, बाळंतपण किंवा काही विधी झालेला असतो आणि परक्याने यायचं नसतं. आपल्याकडे सोयर पाळतात, तसंच समजा. वाटाडी स्वतःच बाजूने घेऊन जाईल, "जरा डोकावून बघू" असा हट्ट धरू नका.

मक्याची किंवा भाताची दारू आग्रहाने पुढे करतील. पीत नसाल तर पेला ओठाला लावून खाली ठेवा आणि छातीवर हात ठेवून नकार द्या. मान राहतो.

१५. भाषा येत नाही. बोलणार काय?

वाटाडीला कामापुरतं इंग्रजी येतं. व्हिएतनामी "सिन चाओ" (नमस्कार) आणि "काम ऑन" (आभार) सगळ्यांना कळतं. ह्मोंग भाषेत आभाराला "उआ चाउ" म्हणतात. हे दोन शब्द ऐकले की चेहरा खुलतो.

विषय म्हणाल तर शेती आणि सोयरिक. ह्मोंगांमध्ये एकाच कुळात लग्न होत नाही, भेट पहिली असो वा गाव शंभर कोसांवर असो. एकच कूळ म्हणजे बहीण-भाऊ. मी एकदा सांगितलं की आमच्याकडेही एकच देवक असलं तर लग्न जुळवत नाहीत. वाटाडी थांबली, मागच्या दोघींना ते समजावून सांगितलं आणि मग तिघींनी मिळून माझ्या कुळाची सगळी चौकशी केली. ती अख्खी चढण त्यातच सरली.

१६. बांधावरून चालायला कुणी हरकत घेत नाही ना?

पायवाट असलेल्या बांधावरून चालायला हरकत नाही. पण बांध म्हणजे रस्ता नव्हे, हे पावलागणिक ध्यानात ठेवा.

वरच्या ओढ्यातून पाट काढून पाणी सगळ्यात वरच्या खाचरात घेतात. तिथून बांधातल्या लहानशा खाचेतून ते खालच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्यात. एक बांध फुटला की वरच्याचं पाणी जातं, खालच्याची रोपं गाळात बुडतात आणि दोन घरांचं नुकसान होतं. माझ्याकडून हे एकदा झालं. समोरून म्हैस आली म्हणून मी कडेला सरकले आणि कड ढासळली. पाणी भळभळा वाहायला लागलं. आमच्या वाटाडीने एक शब्द न बोलता चपला काढल्या, पोटरीभर चिखलात उतरली, दोन्ही हातांनी गाळ ओढून भोकावर थापत राहिली, वर एक दगड, पुन्हा गाळ, मग तळव्याने गुळगुळीत केलं. ते खाचर तिचं नव्हतं. पाटात हात धुतल्यावर चिखल गेला, पण बोटांवरचा निळा रंग तसाच राहिला. आठवडाभर ती कापड रंगवत होती.

तेव्हापासून मी बांधाच्या मधोमध चालते, एकामागे एक. जनावर आलं तर मागे फिरून रुंद जागी थांबते. लावणीनंतरच्या दिवसांत ज्या बांधावर ताजा गाळ लिंपलेला दिसेल त्यावर पाय ठेवूच नका. फोटोसाठी खाचरात उतरू नका.

१७. हातमागाचं कापड खरं की कारखान्याचं? आणि माझ्या पिशवीचा रंग जातो, ती खोटी आहे का?

रंग जातो म्हणजे बहुधा ती खरी. निळीत रंगवलेलं नवं कापड बराच काळ रंग सोडतं. पांढऱ्या कुर्त्यावर ती पिशवी अडकवू नका. पहिल्या दोन-तीन धुण्यांना वेगळी, गार मिठाच्या पाण्यात धुवा.

खरं ह्मोंग कापड अंबाडीसारख्या धाग्याचं, म्हणजे हेंप या ताडमाड वाढणाऱ्या भांगेच्या जातीच्या झाडाच्या सालीचं असतं. साल सोलून तिचे तंतू एकाला एक पीळ देऊन जोडतात. वाटेवर एखादी बाई चालता चालता, बोलता बोलता बोटांनी काहीतरी वळताना दिसेल, हाताभोवती धाग्याचं वेटोळं. ती हेच करत असते. मग विणणं, मेणाने नक्षी काढणं, निळीत बुडवून वाळवणं, पुन्हा बुडवणं, आणि शेवटी मेण उकळून काढणं. मेण होतं तिथे पांढरी नक्षी उरते.

ओळखायचं तर उलटी बाजू बघा. छापील कापडाच्या मागे नक्षी फिकी किंवा गायब असते, हाताला गुळगुळीत लागतं. हाताच्या कापडाला गाठी असतात, ते जड आणि खरबरीत असतं आणि निळीचा ओलसर, गवतासारखा वास येतो. कारखान्याची पिशवीही बाईने विकली तर तिचं पोट भरतं, ती घेण्यात गैर नाही. फक्त तिला हाताच्या कापडाचा भाव देऊ नका आणि हाताचं कापड कारखान्याच्या पिशवीच्या भावात मागू नका.

१८. वाटेत स्वच्छतागृह असतं का? पाळी आली तर?

जेवणाच्या ठिकाणी आणि पाड्यांतल्या चहाच्या टपऱ्यांवर असतं, बऱ्यापैकी स्वच्छ. मध्ये दीड-दोन तास काहीच नसतं. कागद आणि पाण्याची छोटी बाटली जवळ ठेवा. वापरलेले पॅड परत सापात आणा. पाड्यांत कचरा गाडी येत नाही, टाकलेलं सगळं ओढ्यात जातं. वाटाडी बाई असल्यामुळे हे बोलायला अवघड जात नाही. ती चटकन एखाद्या ओळखीच्या घरी नेते.

१९. पैशांचं काय? किती रोकड न्यावी?

पाड्यांत रोकडच चालते. एक रुपया म्हणजे ढोबळमानाने ३०० डाँग. १०, २० आणि ५० हजारांच्या नोटा सुट्या करून घ्या. २० हजारांची आणि ५ लाखांची नोट दोन्ही निळसर आहेत, संध्याकाळच्या उजेडात हमखास घोटाळा होतो. ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

२०. पाऊस लागला, धुकं आलं तर ट्रेक रद्द करावा का?

धुक्यासाठी करू नका. सापात धुकं असतं तेव्हा दरीत दोन-तीनशे मीटर खाली बऱ्याचदा स्वच्छ असतं. भुरभुर पावसातही चालता येतं, गमबूट घाला (प्रश्न ७).

मोठ्या सलग पावसात मात्र नाहीच. हे डोंगर सुटतात. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाच्या पावसाने लाओ काय प्रांतात दरडी कोसळल्या आणि लांग नू हा पाडा गाडला गेला, डझनावारी माणसं गेली. माळीण आणि तळीये ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. वाटाडी "आज नको" म्हणाली तर पैसे भरलेत हे कारण पुढे करू नका.

२१. हनोईहून एका दिवसात जाऊन परत येता येईल का?

रात्री निघून, दिवसा चालून, पुन्हा रात्री परत असं लोक करतात. मी करू नका म्हणेन. दोन रात्री जागरणाच्या आणि मध्ये चिकणमातीचा उतार, पडायला हेच कारण पुरतं. किमान एक रात्र सापात, जमल्यास एक ता वानमध्ये कुणाच्या घरी. दिवसाचे प्रवासी परत गेल्यावर साडेपाचनंतर दरी शांत होते, चुली पेटतात, म्हशी घरी येतात. तो तास गाडीत घालवू नका.

२२. सापा आता बिघडलं म्हणतात. दुसरीकडे जावं का?

सापा गाव खूप बांधलं गेलं आहे. फान्सिपानवर २०१६ पासून रोपवे आहे, हॉटेलं उंच झाली आहेत, क्रेन दिसतात. गावात बसून राहणाऱ्याला वाईट वाटेल. दरीत उतरल्यावर तासाभरात ते मागे पडतं.

जास्त शांतता हवी असेल आणि चार-पाच दिवस हातात असतील तर मू कांग चाय या डोंगराळ भागाकडे जा. ला पान तान परिसरातली खाचरं सापाइतकीच देखणी आहेत आणि तीही ह्मोंगांनीच रचलेली. पण तिथे रस्ता लांब आणि इंग्रजी बोलणारं कमी. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सापाच सांगते, कारण तिथली बाई तुमच्याशी बोलू शकते.

२३. फोटो काढायला विचारावं लागतं का? आणि काढलेले फोटो त्यांना कसे द्यायचे?

खाचरांचे काढा. माणसांचे विचारून, कॅमेरा दाखवून, मान डोलावली तरच. बाळाला पाजणारी बाई, विधी, डहाळी लावलेलं घर (प्रश्न १४) नको. पैसे देऊन फोटो काढायची सवय लावू नका.

तरुण मुलींकडे फोन असतात, त्यांना लगेच पाठवता येतो. म्हाताऱ्या बायकांना कागदावरचा फोटो हवा असतो. सापात फोटो छापून देणारी दुकानं आहेत. निघायच्या आधी छापून वाटाडीकडे द्या, ती दोन दिवसांत घरोघरी पोचवते. घाई झाली तर घरी परतल्यावर छापून, पुढे तिकडे जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवा. मागच्या खेपेला मी अशी अकरा पाकिटं नेली होती. लाओ चायमधल्या एका आजीबाईंनी फोटो घेतला, पदराने पुसला आणि चुलीच्या धुरापासून दूर, दाराजवळच्या फळीवर, खिळ्याने ठोकून लावला.